मास्तरांचं रशियाच्या राजाशी भांडण

आमच्या इस्रायलातल्या लोद गावात प्रत्येकाचं कुणाशी तरी भांडण आहे. माझं पाववाल्याशी आहे. शेजारचे शालोम मास्तर मात्र रशियाच्या व्लादिमीर राजाशी भांडतात, आणि तो मरून साडेनऊशे वर्षं झाली.

ठाण्याच्या शाळेत ते इतिहास शिकवत. इथे संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकतात, एका खिळ्याला राजाचा एक गुन्हा. भावाला मारून गादी घेतली, ठाक. बायकांची मोजदाद नाही, ठाक. टेकडीवर देव मांडले, मग त्यातलाच मोठा देव घोड्याच्या शेपटीला बांधून नदीत टाकला, ठाक. अख्ख्या गावाला नदीत उतरवून धर्म दिला, कुणाला विचारलं नाही, ठाक. आजाऱ्यांच्या दारी गाड्या भरून पाव पाठवायचा, हेही सांगतात, पण नाइलाजाने. मास्तर खोटं बोलत नाहीत.

खरा राग निराळाच, बरं का. राजाला नवा धर्म हवा होता, म्हणून त्याने सगळ्या धर्मांची माणसं ऐकून घेतली. दारू सोडावी लागेल म्हणून मुसलमानांना नको म्हटलं. यहुद्यांना विचारलं, तुमचा देश कुठे? ते म्हणाले यरुशलेम, पण देवाने आम्हांला पांगवलं. तर हा म्हणतो, पांगलेली माणसं मला काय शिकवणार? इथवर आलं की मास्तरांची कानशिलं लाल होतात. "त्याला म्हणावं, ये आता लोदला." मग त्यांची मुलगी रूथ आतून हिब्रूत सांगते, अब्बा, जेवायला चला.

बासष्ट साली रूथचं लग्न ठरलं. मुलगा पोलंडच्या घरचा, गुणी. नाव नोंदवायला धर्मखात्याच्या कचेरीत गेलो, मलाही साक्षीला नेलं. आम्ही हिंदुस्थानातले बेने इस्राएल हे ऐकताच तिथल्या दाढीवाल्या कारकुनाने एक कागद पुढे सरकवला. आई, आईची आई, तिची आई, सगळ्या यहुदी होत्या याचा पुरावा आणा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरी शनिवारी चूल पेटली नाही, मुलग्यांच्या सुंतेचा आठवा दिवस चुकला नाही, आणि हा मला विचारतो.

मास्तर उठले. मोडक्या हिब्रूत त्यांनी त्याला व्लादिमीर सांगितला, भावाच्या खुनापासून. मागची रांग खोळंबली. शेवटी म्हणाले, "त्याने आमचा अपमान केला. पण तुम्ही यहुदी कशावरून, हे त्यानेसुद्धा विचारलं नाही."

कारकून म्हणाला, तुमचा राजा आला तर त्यालाही कागद लागतील, आणि पुढच्याला हाक मारली. रूथ बाहेर येऊन रडली. लग्न अजून अडलेलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तर तो कागद घेऊन माझ्या दारात. आवाज खाली आलेला. राजाची आजी ओल्गा त्यांना तोंडपाठ, स्वतःच्या बायकोची आजी ठाऊक नव्हती. ती, मिलका, जाऊन चार वर्षं झाली होती. त्या दिवसापासून तिचं नाव त्यांनी काढलेलं मी ऐकलं नव्हतं. मिलका आणि मी रेवदंड्याला एका अंगणात वाढलो.

"दिनाबाई, मिलकाची आजी कोण?"

"सोनुबाई," मी म्हटलं. "जात्यावर बसली की शेमाची हिब्रू प्रार्थना म्हणायची, चुकत चुकत."

त्यांनी लिहून घेतलं. उठले नाहीत. विचारलं, ती मिलकाला काय म्हणायची?

"मिलू."

त्याला कागदावर जागा नव्हती. मास्तरांनी ते कडेला, बारीक अक्षरात लिहिलं.