कथबर्टची शेवटची फेरी

"शववाहिका कशाला? दादाची बस आहे की! दोनच्या ठोक्याला पोर्ट्समथमध्ये हजर!" हेस्केथने छाती ठोकून सांगितलं. दफन तीनला होतं आणि रेडिओवरून साऱ्या डोमिनिका बेटाने ते ऐकलं होतं. दादाचं एकही काम त्याने आयुष्यात वेळेवर केलं नव्हतं. निदान हे शेवटचं तरी त्याला धड करायचं होतं.

त्याच्या दादाने, कथबर्टने, तीस वर्षं याच बसमधून परक्यांना बेट दाखवलं होतं. आता मागची बाकं काढून तिथे त्याची शवपेटी ठेवली होती, वर पिवळी ताडपत्री. पुढे त्याची बायको व्हर्लिना काळ्या झग्यात ताठ बसली होती.

रोझो शहर सोडणार, तोच एक गोरा म्हातारा आणि त्याची म्हातारी हात हलवत आडवे आले. "कथबर्टची बस ना? आम्ही फोनवर ठरवलं होतं!"

हेस्केथ त्यांना वाटेला लावणार, इतक्यात व्हर्लिना म्हणाली, "बसू दे त्यांना."

"अहो वहिनी, मागे दादा आहे!"

"त्यानं शब्द दिलाय. मोडायचा तर त्यानं मोडावा."

यावर दादा काय बोलणार? दोघं चढली आणि आपल्या पिशव्या खुशाल ताडपत्रीवर ठेवून मोकळी झाली! हेस्केथने आरशात पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

तेही निभावलं असतं, पण पुढे किनाऱ्याच्या रस्त्यावर दरड कोसळली होती. पोलिसाने डोंगराकडे बोट दाखवलं. म्हणजे अख्ख्या बेटाला वळसा! हेस्केथने बस अशी पिटाळली की वळणावळणावर ताडपत्रीखालून धडधड ऐकू येऊ लागली.

"एमरल्ड पूल!" धबधब्याच्या डोहाची पाटी पाहून म्हातारी ओरडली. "थांबणार ना?"

"नाही!" हेस्केथ म्हणाला.

"हो," व्हर्लिना म्हणाली.

"वहिनी, फादर वाट बघतायत!"

"मी तीस वर्षं बघितली. पुढच्या रविवारी नेतो, पुढच्या रविवारी नेतो. आणि रविवार आला की नेमकं पर्यटकांचं जहाज यायचं!" तिने चपला काढून हातात घेतल्या आणि ती रानातल्या पायवाटेने चालू लागली.

हेस्केथ भावाजवळ बसून राहिला. "दादा, तुझ्यापायी आज माझी लाज जाणार," तो म्हणाला, आणि मग एकटाच ढसाढसा रडला.

व्हर्लिना परतली तेव्हा झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. डोहात पोहून चड्डीवरच परतलेल्या म्हाताऱ्याने आपला ओला टॉवेल ताडपत्रीवर वाळत घातला. हेस्केथ उसळून उठला, पण वहिनीने त्याचा हात दाबला. "असू दे. त्याला सवय आहे."

कॅसल ब्रूसच्या उतारावर एक गाय आडवी आली. हेस्केथने करकचून ब्रेक दाबला, ताडपत्री सरकली आणि पेटी थेट म्हातारीच्या गुडघ्याला येऊन टेकली.

"या सामानाला एवढ्या कड्या कशाला?" तिने विचारलं आणि मग दचकून गुडघे मागे घेतले. पेटीवरचं कथबर्टचं नाव वाचून म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. "पण... पण तो तर म्हणाला होता, मी स्वतः येईन!"

"मग?" व्हर्लिना म्हणाली. "आलाय की!"

म्हाताऱ्याने गुपचूप टॉवेल काढून घेतला, टोपीही काढली. कॅलिबिशीला समुद्र दिसला तेव्हा व्हर्लिनाने नुसतं बोट दाखवलं आणि हेस्केथने न सांगता बस थांबवली. आता उशीर झालाच होता.

पोर्ट्समथच्या दफनभूमीत उन्हं कलली होती. खांदेकरी कंटाळून घरी गेले होते. एका बाजूने हेस्केथ, दुसऱ्या बाजूने खड्डा खणणारे दोघं आणि चौथ्या कोपऱ्याला पोहायच्या चड्डीतला गोरा म्हातारा, अशी कथबर्टची पेटी निघाली. फादर संतापाने लालबुंद झाले होते.

"हेस्केथ! सगळं बेट तीनची वेळ ऐकून बसलंय! होतात कुठे?"

"दरड... वळसा... गाय..." हेस्केथ बोटं मोजू लागला.

"त्याला बोलू नका, फादर," व्हर्लिना भिजून सुरकुतलेला झगा झटकत म्हणाली. "मी नवऱ्याबरोबर फिरायला गेले होते. पहिल्यांदाच. आणि आजसुद्धा हा मेला बसमधून खाली उतरला नाही!"