गिझरची पूजा

दिवाळीच्या आदल्या दुपारी गिझरनं दगा दिला. कोरपन्याच्या मुखरूभाऊंच्या लेकीचा, मयुरीचा, हा पहिला दिवाळसण. जावई धनराज संध्याकाळी आरमोरीहून यायचे होते, पहाटे त्यांचं अभ्यंगस्नान. "आंघोळीची फिकर नका करू, घरी गिझर आहे," असं मुखरूभाऊंनी त्यांना फोनवर तीनदा ऐकवलेलं. आणि आता नळाला गार पाणी!

"आजच काऊन मेला हा?" मुखरूभाऊ तातडीनं बोलावलेल्या अयूब मिस्त्रीवर करवादले.

"भाऊ, कधी खोलून साफ केला का?"

"साफ? दर दसऱ्याले पूजा करतो मी त्याची! हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार!"

"पूजेनं क्षार नाई जात भाऊ. इथी बोरचं पाणी केवढं जड! दरसाल खोलून पपडी काढा लागते."

"खोललं तं गॅरंटी जाते न!"

"तिले जाऊन तीन वर्सं झाली."

अयूबनं गिझर खोलला. आतली कॉइल पांढऱ्या थरात पार गाडली गेली होती. दोन तास खरवडून, लिंबूसत्त्वानं धुऊन त्यानं सगळी पपडी काढली आणि पाणी सोडलं. टाकी तीन ठिकाणांहून गळायला लागली.

"टाकी कधीचीच सडली भाऊ," अयूब खाली मान घालून म्हणाला. "पपडीनंच भोकं बुजून होती."

"म्हणजे तो घाणीच्या भरोशावर चालून राह्यला होता, न तू घाणच काढली!" मुखरूभाऊंनी कपाळावर हात मारला. नवी टाकी दिवाळीनंतरच मिळणार होती.

शकुबाई उठून परसात गेल्या. गिझर आला तेव्हा नवऱ्यानं फोडायला सांगितलेली चूल त्यांनी पोत्यांखाली शाबूत ठेवली होती.

"चुलीचं पाणी? जावयाले? गावभर सांगून ठेवलं मी!"

"मंग गाव घालन का त्याइले आंघोळ?"

पहाटे शकुबाईंनी चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. मुखरूभाऊंनी बंद गिझरला ताजा हार घातला आणि त्याच्याखाली वाफाळती बादली ठेवली.

जावई न्हाऊन बाहेर आले ते खूश होऊनच. "मामाजी, काय कडक पाणी! आमच्या घरी तं कोमटच येते. कोणत्या कंपनीचा गिझर आहे? मी बी तोच घेतो."

मुखरूभाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात शकुबाई धुरानं लाल झालेले डोळे पदरानं पुसत उभ्या होत्या.

"कंपनी... जुनी आहे," ते कसंबसं म्हणाले.

जावई फराळाला बसल्यावर ते हळूच परसात गेले आणि चुलीला हळदकुंकू वाहून हात जोडले.

"पूजा ऱ्हाऊ द्या," मागून शकुबाई म्हणाल्या. "पह्यले राख काढा."