हेमंतभाऊंचं एक अडलेलं मशीन

आमच्या जळगावच्या कॉलनीत हेमंतभाऊ इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं काम करतात. दोन ओळी टाइप केल्या की फाटकापर्यंत चक्कर. जाताना माझ्या फाटकाची कडी वाजवणार. मी बाहेर आलो की म्हणणार, "काही नाही. डोकं चालतंय का बघत होतो."

त्यांचं की माझं, ते अजून कळलेलं नाही.

भाऊ चित्रांच्या एका सॉफ्टवेअरचा कंपायलर सांभाळतात. चित्र उमटायच्या ऐन वेळी हा कंपायलर प्रोसेसरला त्याच्या भाषेत आज्ञा लिहून देतो. नव्या आवृत्तीत तो नव्या प्रोसेसरांच्याच आज्ञा देऊ लागला आणि जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर बंद पडायला लागलं.

"अरे, समोरच्याला येतं का, आधी विचारशील की नाही?" भाऊ लॅपटॉपवर ओरडले आणि तशी सोय केली. मग ती सवय त्यांनाच लागली. रोज जिना चढणाऱ्या दूधवाल्याला विचारलं, "जिना चढता येतो ना?" तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

तरीही एक मशीन अडलंच. साहेब फोनवर म्हणाले, "एवढं एक सोडून द्या."

भाऊंनी फोन ठेवला, चपला घातल्या. "चला, दीपनगरला."

ते मशीन भाऊंच्या वडिलांचं होतं. आबा तिथल्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे सोनगीरचे. आता घरात एकटेच. भाऊ उभ्यानंच कीबोर्डवर वाकले. बऱ्याच वेळानं कपाळावर हात मारला. "प्रोसेसर 'येतं' म्हणतो, पण वरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम त्याला ते करूच देत नाही! दोघांनाही विचारायला हवं."

"नवीन घेऊन द्या ना," मी म्हणालो.

"आई यावर चित्रं काढायला शिकली. आबा दुसरं मशीन घरात येऊ देत नाहीत."

दुरुस्ती झाली. पडद्यावर ठिपके उमटले, मग एकेक रेष सरकू लागली. भाऊंच्या आईनं काढलेली रांगोळी. ज्या क्रमानं काढली, त्याच क्रमानं सॉफ्टवेअर ती पुन्हा काढत होतं. एक रेष मध्येच अडखळली, पुसली गेली, पुन्हा निघाली.

"आठे ती कायम चुके," आबा त्या जागी बोट ठेवत हळूच अहिराणीत म्हणाले.

रांगोळी पुरी झाली. भाऊंनी माऊस हातात घेतला.

"आबा, परत लावू?"