पुढच्या डाव्या ब्रेकचं म्हणणं

सत्तर हजार किलोमीटर धावलेल्या ब्रेकला आपलं म्हणणं मांडायचा हक्क असतो, हे नारायणराव खोपडे यांना माहीत होतं. आपल्याच गाडीचा ब्रेक तो हक्क बजावेल, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते स्वतः भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. त्यामुळे ब्रेक किंचाळायला लागल्यावर त्यांनी आधी रीतसर सगळे उपाय केले. हुसेन मिस्त्रीकडे चार चकरा झाल्या. पाचव्या वेळी मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि तो स्टुलावर बसला.

"साहेब, धूळ धुतली, पॅड घासले, मागनं ग्रीस लावलं. खडाबिडा काही अडकलेला नाही. याला काहीतरी बोलायचंय."

"नवे पॅड टाक."

"म्हणणं नोंदवल्याशिवाय नाही टाकता येत. माझं दुकान बंद करतील."

हेही खरंच होतं. खोपड्यांनी वाहन कार्यालयात अर्ज केला. त्यांना घाई होती, कारण शनिवार तोंडावर आला होता. दर शनिवारी ते भोरहून वरच्या कुंभळीला आपल्या थोरल्या बहिणीकडे जात. तिथे एसटी जात नाही. आक्काची औषधं, आठवड्याचा किराणा आणि तिच्या पायाची नखं काढणं, कारण आक्काची पाठ आता वाकत नाही. बायको गेल्यापासून खोपड्यांच्या आठवड्याला तेवढा एकच वार उरला होता. बाकीचे सहा नुसते येत आणि जात.

सुनावणी गुरुवारी अकराला, कार्यालयाच्या मागच्या आवारात झाली. सुनावणी कारकून हिंगमिरे बाई वही घेऊन पुढच्या डाव्या चाकाशी उभ्या राहिल्या. खोपड्यांनी गाडी माणसाच्या चालीने चालवायची, प्रश्न झाला की ब्रेक दाबायचा आणि बाईंनी उत्तर लिहून घ्यायचं, अशी पद्धत होती.

"आपलं नाव?" बाईंनी विचारलं.

ब्रेक किंचाळला.

"पुढचा डावा," बाईंनी लिहिलं. "वय नऊ. आपल्यावर कोणाचा दबाव?"

ब्रेक पुन्हा किंचाळला. "फक्त मालकांच्या पायाचा," बाईंनी लिहून घेतलं.

पुढे आवाराला सहा फेऱ्या झाल्या. बाई गाडीबरोबर चालत होत्या, मध्येच पदराने घाम टिपत होत्या. शेवटी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि जबाब वाचून दाखवला.

"मालक पूर्वी माणूस दिसला की मला दाबत. दिवाळीपासून माणूस जवळ आला की दाबतात. सतरा तारखेला पुलावर हंडा घेतलेल्या एका बाईपासून मी हातभर अंतरावर थांबलो. तेव्हापासून मी ओरडतो. माझी मालकांबद्दल तक्रार नाही. रस्त्यावरच्यांनी बाजूला व्हावं, एवढ्यासाठी ओरडतो."

खोपड्यांचा चेहरा लाल झाला. "साफ खोटं! अहो, या डोळ्यांनी मी अख्ख्या तालुक्याचे बांध मोजलेत. वीतभर जमीन इकडची तिकडे होऊ दिली नाही."

"उलटतपासणी घेता येईल," हिंगमिरे बाई शांतपणे म्हणाल्या.

"घेतोच. विचारा त्याला, त्या बाईच्या लुगड्याचा रंग कोणता होता?"

गाडी चार पावलं गेली. ब्रेक दाबला गेला. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"तो म्हणतो, तुम्ही सांगा."

खोपड्यांनी आठवून पाहिलं. त्यांना हंडा आठवत होता, तोही पडल्याच्या आवाजावरून. बाई आठवत नव्हती. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

ते म्हणाले, "मग आक्काकडे कोण जाणार?" प्रश्न बाईंना नव्हता. त्यांनी आपण होऊन गाडी पुढे घेतली आणि हलकेच पाय टेकवला. आवाज अगदी लहान आला. बाईंनी तो लिहिला नाही.

"विचारतोय, आक्कांना इकडे राहायला या, असं कधी म्हणालात का?"

म्हणाले नव्हते. आक्का नाही म्हणेल, असं ते लोकांना सांगत. खरी गोष्ट अशी होती की आक्का हो म्हणाली असती तर शनिवारी गाडी काढून जायचं ठिकाण राहिलं नसतं.

"निकाल काय?" त्यांनी विचारलं.

"निकाल आमच्याकडे नसतो. आम्ही फक्त ऐकून घेतो." बाईंनी शिक्का मारला आणि त्या जेवायला गेल्या.

शनिवारी हुसेन मिस्त्रीने गाडी चालवली. खोपडे डावीकडे बसले. पॅड अजून जुनेच होते. घाटाच्या एकूण एक वळणावर मिस्त्रीने ब्रेक लावला आणि एकदाही आवाज आला नाही. खोपड्यांना ते फार लागलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. भाऊ दुसऱ्या बाजूने उतरलेला तिने पाहिला.

"आक्का, चल घरी," खोपडे उभ्याउभ्याच म्हणाले. "मी आता यायचा नाही. मला दिसत नाही." हे शब्द त्यांनी आजवर कोणापुढेही, अगदी आरशापुढेही उच्चारले नव्हते.

आक्काने सूप खाली ठेवलं. "ठावं हाय मला, नारू. गेल्या महिन्यात नख सोडून बोटच कापलंस की माझं. तू गेल्यावर हळद भरली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले आस्ते तर तू आला नसतास."

खोपडे ओट्यावर बसले आणि रडले. आक्काने त्यांना पुरतं रडू दिलं. मग आत जाऊन तिने दोन लुगडी आणि देवांचा डबा बांधून घेतला, कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीच्या हातात दिली. गाडीच्या दाराशी मात्र ती अडली.

"ह्याला इचारलंस का? माझं वजन वाढतंय, त्यात उतार."

खोपड्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने गाडी चार पावलं सोडली आणि ब्रेक दाबला. तिघंही ऐकत राहिली. लांब कुठेतरी कोंबडा आरवला, दुसरं काही ऐकू आलं नाही.

"हरकत नाही म्हणतो," मिस्त्री म्हणाला, आणि आक्का मागे बसली.