आधी झटक!

आमच्या वाडीत पाहुणा आला तर त्याला आधी पाणी मिळत नाही. आधी बाबीकाका त्याची पॅण्ट गुडघ्यापर्यंत वर करायला लावतात, बॅटरी मारून पोटऱ्या तपासतात आणि मगच माझ्या घराकडे सोडतात. माझी वाट त्यांच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून जाते. माझं नशीब, दुसरं काय!

"खंयसून इलंस? काजीतसून? आधी झटक!"

हा त्यांचा रामराम. झटकायचे ते कपडे आणि शोधायची ती गोचीड. कसालपासून आत, काजूच्या बागांमध्ये आमचं गाव. पाचोळ्यात गोचिडी असणारच. पण काकांना त्या दिवाणखान्यातही दिसतात. गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीला बघायला कणकवलीहून मंडळी आली. मुलाचे वडील सरकारी कचेरीतले, म्हणून काकांनी ठेवणीतलं मराठी काढलं. "साहेब, आपण कृपया पायमोजे उतरवावेत." साहेबांनी घाबरून उतरवले. आणि पोटरीवर खरंच एक निघाली! काकांनी ती चिमट्याने अलगद ओढली, रॉकेलच्या बाटलीत टाकली आणि बाटली पाहुण्यांत प्रसादासारखी फिरवली. स्थळ गेलं ते गेलंच. मी भांडायला गेले तर म्हणतात कसे, "स्थळ दुसरा गावतला गो. पाय दुसरे खंयसून हाडतलंस?"

बोला आता.

हेच बाबीकाका पूर्वी दशावतारात बायकांची कामं करायचे. दशावतारात भूमिकेला सोंग म्हणतात, आणि काकांच्या राणीच्या सोंगाला पार तोंडवलीपर्यंत मागणी होती. वनवासात राणीला भोवळ यायची तो प्रवेश तर असा, की समोरच्या बायका हुंदके द्यायच्या आणि पुरुष टाळ्या. काका पडायचेही किती सुंदर! पदर न ढळता, बांगडी न वाढवता.

मग एका काजूच्या हंगामात सुमनकाकी, म्हणजे त्यांची बायको, बागेतून तापाने फणफणून आली. ताप उतरला. काकी मात्र उठली नाही. म्हणजे उठायची, दोन भांडी घासायची आणि भिंत धरून खाली बसायची. गुडघे सुजायचे, हात थरथरायचे, चुलीवर काय ठेवलंय ते विसरायची. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं चांगलं निघालं. रिपोर्ट चांगला आणि बाई आडवी, म्हणजे बाईच खोटी! आमच्या वाडीचं वैद्यकशास्त्र हे असं. विहिरीवर बायका म्हणाल्या, कामाचा कंटाळा. देवळात पुरुष म्हणाले, नाटकवाल्याची बायको ती.

एकदा भर दुपारी काकी खळ्यात चक्कर येऊन पडली. वाडी जमली. आणि सगळ्यांदेखत बाबीकाका म्हणाले, "माका सोंगा शिकवतंस? मी सोंगा करून पोट भरलंय गो! चल, उठ."

काकी उठली. कशी उठली ते मी पाहिलंय, आणि तो दिवस आठवला की अजून माझं डोकं फिरतं. त्या दिवसानंतर तिने दुखण्याचा शब्द तोंडातून काढला नाही.

पुढे मीच दोघांना गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं, बागेचंही विचारलं, नव्याने तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, "गोचीड चावून झालेली लागण आहे. ताप जातो, पण काहींच्या अंगात दुखणं राहून जातं, वर्षानुवर्षं. यांना फार उशिरा आणलंत."  परतीच्या वाटेत काकांनी एकदाच विचारलं, "म्हणजे ती खरीच पडली?"

घरी येऊन त्यांनी पेटारा उघडला आणि राणीच्या जरीच्या साड्या टराटरा फाडल्या. त्या पट्ट्या आता गावभर आहेत. काजूत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पॅण्टचा पायचा काका जरीच्या काठाने करकचून बांधून देतात, गोचीड आत शिरू नये म्हणून. लोक हसतात. हसा लेको! बांधून मात्र घेतात निमूटपणे.

आणि रोज तिन्हीसांजेला, मी कचेरीतून परतताना, खळ्यात तेच ऐकू येतं.

"आज दुखता काय गो?"

"नाय. बरी आसंय."

भिंत धरून बरी! काकांना एवढं एकच हवं होतं, तिने खरं सांगावं. ते पाय चेपायला गेले तर ती पाय पोटाशी घेई. काका चिडत, विनवत, पुन्हा विचारत. ती एकदा उठली होती, ती उठलेलीच राहिली.

यंदा काजू सुरू होण्याआधी गाव नेहमीसारखं राखणदाराच्या पाषाणाशी जमलं. तिथे एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आवाज खणखणीत म्हणून गाऱ्हाणं बाबीकाकांकडेच असतं. काकीला मी हाताला धरून नेलं होतं, ती दगडावर टेकली होती.

"बा देवा म्हाराजा, काजीचो मोहर राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांच्या पायाक गोचीड लागूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हिच्या खऱ्या दुखण्याक मी सोंग म्हटलंय. माझ्यावांगडा ह्या वाडीन म्हटल्यान. ती चूक आमच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

कोणी बोलेना. बायका जमिनीकडे बघत होत्या, पुरुष पाषाणापुढच्या नारळाकडे. एरवी झोपेतसुद्धा व्हय म्हाराजा म्हणणारी माणसं ही! काका हात जोडून थांबले होते. ते सोंग नव्हतं.

तेवढ्यात दगडावरून काकी बोलली.

"दुखता."

काकांनी वळून पाहिलं. नारळ तसाच ठेवला आणि सगळ्या गावासमोर तिच्या पायाशी मांडी घालून बसले.

"खंय गो? खंय दुखता?"

"सगळाच दुखता," काकी म्हणाली, आणि तिने पाय पुढे केला.