गांवस सरांची मार्था

आमच्या शाळेचे पीटीचे गांवस सर इंग्रजी कादंबरी वाचायला घेण्यापूर्वी वॉर्म-अप करतात. आधी मान डावी-उजवी, मग खांदे, मग बोटं मोडून झाली की दोन खोल श्वास, आणि मग पुस्तक उघडायचं. तेही बसून नव्हे, मैदानाच्या कडेने चालत. एक फेरी, एक पान. वर्णन आलं की सरांची चाल मंदावते. संवाद आले की सर जवळजवळ धावायला लागतात. बाजूच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जात असतात, त्यांची तांबडी धूळ मैदानावर बसते, त्यामुळे सरांनी वाचून परत केलेलं पुस्तक ग्रंथालयात लांबूनच ओळखता येतं. पानांच्या कडा गेरूत बुडवून काढल्यासारख्या दिसतात.

मी डिचोलीच्या या शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणजे सरांच्या या वेडाची जबाबदारी कुणावर असेल तर ती माझ्यावर, असं स्टाफरूममध्ये समजलं जातं. प्रत्यक्षात माझा त्यात काडीचाही हात नाही.

झालं ते असं. मुख्याध्यापकांनी शनिवारी शेवटच्या तासाला वाचनतास सुरू केला. मुलांनी वाचायचं आणि वर्गावर जे शिक्षक असतील त्यांनीही मुलांसमोर वाचायचं. गांवस सरांच्या वाट्याला नववी ब आली. सर ग्रंथालयात गेले आणि कपाटातली सगळ्यात जाड कादंबरी घेऊन आले. ती इंग्रजी निघाली. जाड का, तर तिच्या आड डोळा लागला तर मुलांना दिसू नये, हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितलं. पण नववी ब ही नववी ब आहे. चाळीस डोळे पुस्तकाच्या वरून, खालून, बाजूने बघत होते. सरांना पान उलटणं भाग पडलं. उलटलं म्हणून दोन ओळी वाचल्या. त्या दोन ओळींत एक बाई भर पावसात बॅग घेऊन घरातून निघाली होती. ती का निघाली आणि कुठे निघाली, हे कळेपर्यंत घंटा होऊन गेली होती, वर्ग रिकामा झाला होता, आणि झाडू मारायला आलेली बाई सर उठायची वाट बघत दारात उभी होती.

त्या दिवसापासून सरांचं इंग्रजी सुरू झालं. तसं त्यांनी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं, पण ते त्यांच्याच शब्दांत, 'पास होण्यापुरतं, पाळण्यापुरतं नाही.'

मी आपली माझ्या धर्माला जागून त्यांना एक चांगली डिक्शनरी दिली. आठवड्याने बघते तर नववी बच्या मुली ती डोक्यावर ठेवून मैदानात सरळ रेषेत चालत होत्या. पाठीचा कणा ताठ राहण्यासाठी तेवढ्या वजनाचं दुसरं काही मिळत नव्हतं म्हणे. मग वाचताना अडलेले शब्द कसे बघता, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, "टीचर, अडथळ्यांच्या शर्यतीत अडथळा पडला म्हणून धावणारा थांबतो काय? पाय लागला, अडथळा पडला, पुढे जायचं. पायांना सवय होते तशी डोक्याला पण होते."

हे तत्त्व ऐकायला ठीक आहे. पण सरांनी पाडलेले अडथळे एकेक करून माझ्या कानावर यायला लागले. इंग्रजांच्या प्रत्येक घरात चित्रं काढायची एक वेगळी खोली असते, जेवण झालं की सगळे तिथे जाऊन बसतात, पण आजवर एकानेही पेन्सिल हातात घेतलेली नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. ती ड्रॉइंग रूम म्हणजे आपली बसायची खोली, हे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले. 'क्रॉस' या शब्दाचं असंच. आमच्याकडे दर वळणावर खुरीस, म्हणजे क्रूस, उभा असतो, तेव्हा आई मुलावर फार क्रॉस झाली असं वाचलं की सर समजायचे, माउली भाविक आहे, पोराच्या काळजीने प्रार्थना करतेय. दोन अख्ख्या कादंबऱ्यांत जेवढी क्रॉस, म्हणजे चिडलेली माणसं होती, तेवढी सगळी त्यांच्या लेखी देवभोळी होती.

पण सगळ्यात जास्त दुःख झालं ते 'फोर्टनाइट'चं. नायक मावशीकडे फोर्टनाइट राहिला, नायिका समुद्रावर फोर्टनाइट राहिली. सरांनी दर वेळी तेरेखोलासारखा एकेक किल्ला उभा केला होता, बुरुजासकट, आणि त्या बिचाऱ्यांना रात्रभर वाऱ्यात निजवलं होतं. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, हे मी सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे एवढे किल्ले मी फुकट बांधले."

पात्रांबद्दल ते बोलत ते धावपटूंबद्दल बोलावं तसं. हा सुरुवातीला जोरात सुटला, मध्ये दम गेला. ह्या मुलीला स्टॅमिना आहे, शेवटच्या फेरीत काढील. तो वकील म्हणजे शुद्ध ढकलाढकली, त्याला पहिल्याच प्रकरणात बाद करायला हवा होता. लेखकाने बाद केला नाही म्हणून सर लेखकावर नाराज.

याचा एक परिणाम असा झाला की नववी बही सरांच्या मागोमाग मैदानात चालत वाचायला लागली. का, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. सर त्यांना अर्थ विचारत नसत, प्रश्नोत्तरं घेत नसत, फक्त तासाच्या शेवटी प्रत्येकाने आपला माणूस कुठवर पोचला ते सांगायचं. एक मुलगी वाचत चालताना व्हॉलीबॉलच्या खांबावर आपटली आणि कपाळाला टेंगूळ आलं, तेव्हा पालक येतील म्हणून आम्ही सगळे घाबरलो होतो. तिचे वडील आले ते हे विचारायला, की पोरगी एवढं काय वाचत होती.

दुसरा परिणाम मात्र आम्हा शिक्षकांना भोगावा लागला. सरांना वाचलेलं सांगायचं असायचं. सकाळी हजेरीपटावर सही करता करता ते सुरू करत, "काल काय झालं ठाऊक आहे?" आणि काल जे झालं ते कुठल्यातरी इंग्रजी गावात, शंभरेक वर्षांपूर्वी झालेलं असायचं. गणिताचे सर लगेच मोबाइल कानाला लावत. भूगोलाच्या टीचरना नेमका तेव्हाच नकाशा आणायला जायचं असे. उरले मी. मीही वह्यांच्या गठ्ठ्यावरून मान न उचलता हूं हूं करत असे. गेले काही आठवडे तर ते कुठल्याशा मार्थाबद्दल सांगत होते. तिचा नवरा बरा नव्हता एवढं माझ्या लक्षात राहिलं होतं, पण तो आजारी या अर्थाने की स्वभावाने, ते मी ऐकलं नव्हतं.

मग काजूच्या हंगामातला तो रविवार आला. सर राहतात लाटंबार्शाला, आम्ही डिचोलीत. तिथे त्यांची काजूची बाग आहे, जुनं कौलारू घर आहे. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येतो. बायको काही वर्षांपूर्वी वारली. हंगामात बोंडू गोळा करायचे सोडून सर कधी रविवारचे गावाबाहेर पडत नाहीत. त्यामुळे अकराच्या सुमाराला त्यांची स्कूटर आमच्या दारात थांबलेली पाहून मला काहीतरी विपरीत घडलं असावं असंच वाटलं. सर पायऱ्या चढून आले, चप्पल काढली आणि उभ्यानेच म्हणाले, "टीचर, मार्था गेली."

मी काही बोलायच्या आत सोप्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या माझ्या सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"आमच्या पोदेराची मार्था? सकाळीं तर तो पाव घालून गेला."

सर म्हणाले, ही नव्हे, दुसरी. कुठची म्हणून आईंनी विचारलं, तर म्हणाले, इंग्लंडातली. आईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या वाड्यावरचीच कितीतरी किरिस्तांव कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्ट करून तिकडे गेली आहेत, त्यांच्यापैकीच कुणी असणार. वय काय होतं, मुलं किती, असं त्या हळू आवाजात विचारत गेल्या आणि सर सांगत गेले. वय तरुणच. एक मुलगी, अजून नीट बोलतही नाही. नवरा असून नसल्यासारखा. दुखणं छातीचं. आधीच अंगात ताप, त्यात डॉक्टरला बोलवायला म्हणून स्वतःच बर्फातून निघाली.

"मी म्हणत होतो, जाऊ नको म्हणून," सर म्हणाले.

"फोनार?" आईंनी विचारलं.

आता मला सगळं लक्षात आलं होतं. मी हळूच म्हटलं, "आई, मार्था पुस्तकातली आहे."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर चिडतील. त्या म्हणाल्या, "पुस्तकातली झाली म्हणून काय झालं? पाणी आण त्याला."

मी पाणी आणलं. सर सोप्यावर टेकले आणि तांब्या हातात धरून बसले. कादंबरी काल तिन्हीसांजेला संपली, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर ते घरात इकडून तिकडे फिरले, बागेत जाऊन आले, परत फिरले. शेजारी जाऊन सांगावं तर म्हणतील मास्तरचं डोकं फिरलं. मुलाला फोन लावला, पण बोट समुद्रात, लागला नाही. सकाळी बोंडू वेचायला वाकले आणि तसेच उठून स्कूटर काढली. एवढं सांगून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"शोभाच्या वेळेला मी कोणाकडे गेलो नाही," ते म्हणाले.

शोभा त्यांची बायको. ती गेली तेव्हा आमच्या तालुक्याच्या क्रीडास्पर्धा तोंडावर आल्या होत्या. बारावं झालं आणि सर मैदानावर हजर होते, चुना टाकून पट्टे आखत होते. सरांचं काळीज घट्ट, असं आम्ही सगळे म्हणत होतो. कौतुकानेच म्हणत होतो. मुलं स्पर्धेत जिंकली, सरांचा सत्कार झाला, आणि पुढे शोभाचं नाव कुणी काढलं नाही. सरांनीही काढलं नाही.

"सगळे भेटायला येऊन गेले, मी चहा करून दिला," सर म्हणाले. "मला कळलंच नाही, काय सांगायचं असतं ते. काल मात्र घरात बसवेना."

आईंनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

"मार्थेचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता शोभाचं सांग, पुता. कशी होती?"

सर सुरुवातीला अडखळले. मग म्हणाले, काही विशेष नाही, साधीच होती. काजू भाजायला तिच्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता. हंगामभर काजूच्या सालाच्या तेलाने तिची बोटं काळी असायची, कातडी सुटायची, पण दुसऱ्याला भाजू द्यायची नाही. फोटो काढायला म्हटलं की हात पाठीमागे. आणि हसायला तर फार लवकर यायचं. दात पुढे होते थोडे, त्याची लाज वाटायची, पण काळे हात तोंडाला लावायचे कसे, म्हणून मग कोपर वर करायची.

आईंना नीट कळलं नाही. कोपर कसं, म्हणून त्यांनी विचारलं.

"असं," म्हणून सरांनी आपलं कोपर उचललं आणि तोंडावर धरलं. ते बराच वेळ खाली आलं नाही.