धर्माजी वाहून चालला

"लक्ष्मी चालणार नाही. लक्ष्म्या सात आहेत," कारकून शिवदास चष्म्यावरून बघत म्हणाला.

"मंग एकवीरा लिवा."

"एकवीरा अकरा."

"अकरा?" धर्माजीने टेबलावर मूठ आपटली. "ह्या लोकांना दुसरं नाव सुचत न्हाय काय?"

"तुम्हाला सुचलं का?" शिवदासने शांतपणे विचारलं आणि धर्माजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

राग येणारच. तीन पावसाळे खपून, एकेक फळी हाताने निवडून त्याने तो मचवा बांधला होता. नारळी पुनव चार दिवसांवर आली होती. आणि बंदर कचेरीत कुणा नव्या साहेबाने हुकूम काढला होता, की एका बंदरात एका नावाच्या दोन होड्या नकोत. नाव नोंदल्याशिवाय मचवा पाण्यात उतरणार नव्हता.

कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या रिकामटेकड्यांना तेवढंच काम मिळालं. कुणी म्हणालं, नवसाच्या देवाचं ठेव. कुणी म्हणालं, देवाचं नको, होडीला शिव्या देताना पाप लागतं. शेजारचा काळूराम म्हणाला, "दुसरा कुनी ठेवनारच न्हाय असं ठिव. माझ्या मेव्हन्यानं 'सासूबाई' ठिवलंय. चोर दोराला हात लावत न्हाय."

"हे बघा, नाव आटोपशीर असावं," शिवदासने दौतीत टाक बुडवून सल्ला दिला. "वाऱ्यात लांबून हाक मारता आली पाहिजे. बाकी तुमची मर्जी."

"मर्जी? माझंच नाव लिवा! धर्माजी! हाय का दुसरा कुनी?"

शिवदासने सगळं रजिस्टर चाळलं. दुसरा कुणी नव्हता. त्याने वळणदार अक्षरात 'धर्माजी' लिहिलं आणि वर टीपकागद दाबला.

मोरू रंगाऱ्याने मचव्याच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरं काढली. नारळ फुटला, मचवा पाण्यात उतरला आणि आठ दिवसांत धर्माजीला कळून चुकलं, की आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी ओरडायचं, "अरे, धर्माजीच्या बुडाला डांबर लावा रे!" दुपारी कुणी म्हणायचं, "धर्माजी लई डुलतोय आज." एकदा भर बाजारात त्याच्याच खलाशाने सांगितलं, "धर्माजी गळतोय," आणि पाटीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पहिल्या महिन्यात धर्माजी तिघांशी भांडला. चौथ्याशी बोलणंच सोडलं.

पण खरी पंचाईत घरात होती. होड्या परत येताना दिसल्या, की किनाऱ्यावरच्या बायका आपापल्या होडीच्या नावाने आरोळी देत. ती ऐकून मासळी घेणाऱ्या पाटीवाल्या जमायच्या आणि मासळी ताजी खपायची. त्याच्या बायकोने, ठमाबाईने, लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, उखाणा सोडून. आणि वाऱ्यावर उभं राहून उखाणा कोण ऐकणार? ती आपली ओरडायची, "हे आले! हे आले वो!" गिऱ्हाईक विचारायचं, कुणाची मासळी? ती म्हणायची, "ह्यांची." धर्माजी दातओठ खात ऐकून घ्यायचा.

कार्तिकातल्या एका दुपारी ठमाबाई खाडीच्या तोंडाशी जाळं वाळत घालत होती. ओहोटी जोरात लागली होती. तिच्या डोळ्यांदेखत नांगराचा दोर तुटला आणि रिकामा मचवा समुद्राकडे निघाला.

"धावा वो धावा!" तिने टाहो फोडला. "हे चालले! हे चालले!"

काळूरामने ते ऐकलं आणि त्याला वाटलं, धर्माजीच शेवटच्या घटका मोजतोय. दहा-बारा माणसं गोळा करून तो थेट धर्माजीच्या घरात घुसला. धर्माजी जेवून तोंड उघडं टाकून झोपला होता. एकाने त्याच्या नाकाला फोडलेला कांदा लावला, दोघे पायांवर बसले, तिसऱ्याने तोंडात गंगेचं पाणी ओतलं.

"सोडा मला! कोन मेलंय?" धर्माजी गुदमरत ओरडला.

"वात झालाय, बरळतोय. दाबून धरा," काळूराम डोळे पुसत म्हणाला.

तेवढ्यात ठमाबाई धापा टाकत दारात आली. "हितं काय करताय? हे तिकडं चाललेत!"

काळूरामने खाटेकडे बघितलं. "हे तर हितंच हायेत, वयनी."

"हे न्हाय वो! पान्यातले हे!"

समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मचवा खडकापलीकडे गेला होता. संध्याकाळी तो रेवदंड्याच्या अलीकडे कातळावर अडकलेला सापडला. सुकाणू मोडलं होतं, दोन फळ्या गेल्या होत्या. ऐन हंगामात पंधरा दिवस मचवा वाळूत पडून राहणार होता. तो ओढून आणताना धर्माजीच्या पाठीत उसण भरली ती वेगळीच.

"मचवा चालला म्हनायचं व्हतं!" तो घरात येताच कडाडला.

"तीन महिने जे म्हनत आले तेच तोंडात आलं."

"मंग नाव घ्यायचं! एकदा नाव घ्यायला जीभ झडली असती काय?"

ठमाबाईने हातातलं ताट दाणकन खाली ठेवलं. धर्माजीने तिचा असा अवतार कधी बघितला नव्हता. "हाक मारायची म्या, आनी नाव ठिवायचं तुमी, ते बी रागात! मला इचारलं व्हतं?"

आपली चूक दिसली, की धर्माजीचा राग दुप्पट व्हायचा. दुसऱ्या दिवशी पाठ धरून तो कचेरीत गेला.

"आता कुणाचं नाव?" शिवदासने विचारलं.

"ठमा. लिवा! तिला सोताचं नाव घ्यायला तरी लाज वाटायची न्हाय!"

शिवदासने रजिस्टर चाळलं. ठमा एकही नव्हती. "विचार केलाय ना?" त्याने टाक उचलताना विचारलं.

"केलाय! लिवा!"

मोरूने जुनी अक्षरं खरवडून नवी काढली. पंधरा दिवसांनी मचवा पुन्हा मासळीला गेला. उसणीमुळे धर्माजी मात्र किनाऱ्यावरच राहिला. उन्हं कलली, सगळे कपाळावर हाताची छत्री धरून समुद्राकडे बघत होते आणि शीड सगळ्यांत आधी त्यालाच दिसलं. पाटीवाल्या दुसऱ्या होडीकडे निघाल्या होत्या. आत्ता आरोळी दिली नाही तर आजची सगळी मासळी पडून राहणार होती. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"ठ..."

काळूराम बघत होता. साऱ्या गावाच्या बायका बघत होत्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि बायकोचं नाव त्याने चार माणसांत एकदाही घेतलं नव्हतं. घरात अगं, बाहेर पोरांची आई. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्वतःचा एवढा राग त्याला आजवर कधी आला नव्हता.

"अगं!" तो जीव खाऊन ओरडला. "अगं आली! अगं आली!"

किनाऱ्यावरच्या झाडून साऱ्या बायकांनी वळून बघितलं.

आजची आरोळी मुद्दाम त्याच्यावर सोडून ठमाबाई शेजारीच पाटी कमरेवर घेऊन उभी होती. तिने पदर नीट खोचला.

"नाव घ्या की," ती हळूच म्हणाली. "जीभ झडतीय काय?"